विसर्जन झालं, दोर गुंडाळला. आता पोलीस मित्रांनी वर्षभर काय करायचं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. काल दुपारी मिरवणूक संपली, घरी येऊन आंघोळ केली आणि आडवा झालो तो आज सकाळीच उठलो. तळहातावर दोराचे वळ अजून आहेत. त्यांच्याकडं बघत हा धागा काढतोय.

मी आठ वर्षं झाली पोलीस मित्र आहे, म्हणजे पोलिसांच्या हाताखाली बिनपगारी मदत करणारा साधा नागरिक. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत छोटं दुकान आहे. दरवर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस ठाण्यातनं फोन येतो. बैठक होते, साहेब बोलतात, जाकीट, शिट्टी आणि ओळखपत्र मिळतं. विसर्जनाच्या दिवशी दोर धरून उभं राहायचं. या वर्षी मी पापाच्या तिकटीला होतो. महाद्वार रोडवरनं येणारी गर्दी तिथनं गंगावेशीकडं सरकते. पुढचं मंडळ अडलं की मागं माणूस माणसाला चिकटतो. रात्री अकरानंतर पाय उचलला तर परत टेकवायला जागा नव्हती.

साडेअकराच्या सुमाराला एक चार-पाच वर्षांची पोरगी सापडली. हातात पिपाणी, एकाच पायात चप्पल. नाव विचारलं तर "परी" म्हणाली. आडनाव नाही, पत्ता नाही. मदत केंद्रावरनं पुकारलं, पण ढोल-ताशांपुढं ते कुणाच्या कानावर जाणार? माझ्यासोबतचे हवालदार बाहेरच्या जिल्ह्यातनं बंदोबस्ताला आलेले. भला माणूस. अर्धा तास पोरीला खांद्यावर घेऊन उभे राहिले, पण त्यांना पेठा ठाऊक नाहीत. शेवटी कोपऱ्यावरचा कणसं भाजणारा गर्दीतनं वाट काढत आला, पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "ही आमच्या गल्लीतल्या शिंप्याची नात." पाच मिनिटांत आजोबा आले. म्हातारा माणूस उभ्या-उभ्या रडला.

पोरगी घरी पोचली ती कणीसवाल्याच्या ओळखीमुळं. जाकीट, भोंगा, कॅमेरे सगळं तिथंच होतं. तेव्हापासनं डोक्यात तेच घोळतंय. ओळख हेच आमचं खरं काम असेल तर ती वर्षातनं एका रात्रीत कशी व्हायची? आमच्या ग्रुपवर अडतीस जण आहेत. गेल्या विसर्जनानंतर कामाचा पुढचा निरोप आला तो अकरा महिन्यांनी.

ज्यांनी पोलीस मित्र, दक्षता समिती, शांतता कमिटी, होमगार्ड, कशातही काम केलंय त्यांनी लिहा. बंदोबस्त सोडून काय केलं, काय जमलं, काय फसलं?

तालमीचा_गडी

दादा, लई मनातलं बोललासा.

मी मंगळवार पेठेतल्या एका तालमीचा. आमची अडचण सांगतो. गणपतीच्या आधी आठ दिवस आमच्यातल्या सहा पोरांना पोलिसांची नोटीस आली, गडबड करू नका अशी ताकीद देणारी. पूर्वी कलम १४९ ची म्हणायचे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती आता १६८ झालीया. त्यातल्या दोघांवर आजवर साधी तक्रार बी नाही. नोटीस द्यायला आलेला पोलीस खाली मान घालून सही घेऊन गेला, त्याचा तरी काय दोष. आणि त्याच आठवड्यात निरोप आला की तालमीतनं दहा पोलीस मित्र द्या. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात शिट्टी. पोरं म्हणाली, आधी आम्ही कोण ते ठरवा.

तरीबी आठ जण गेले. वस्ताद म्हणाले, गर्दीत आपल्याच आया-बहिणी असत्यात, जावा. मग कोण मागं राहणार?

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हं. कुणाच्या घरी मयत झालं, कुणाला रक्त लागलं, पूर आला, पहिली हाक तालमीला. ही हाक पोलिसांनी बारा महिने मारावी. फुटबॉलचा हंगाम घ्या. शाहू स्टेडियमवर सामना संपला की समर्थकांत वाजतं, ते बऱ्याचदा बाहेर रस्त्यावर. तिथं तालमीची पाच जाणती माणसं आपल्या पोरांना दंडाला धरून घरी आणू शकत्यात. लाठीला ते जमत नाही, कारण लाठीला त्या पोराचं नाव म्हाईत नसतं.

निवृत्त_खाकी

धागाकर्त्यांनी विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. तेहतीस वर्षं खात्यात काढली, शेवटची नऊ शहरात.

कोल्हापूरला आयुक्तालय नाही. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, आणि शहरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी ही ठाणी. प्रत्येक ठाण्याची हद्द बीटांत वाटलेली असते आणि बीटाला अंमलदार असतो. कागदावर हा अंमलदार म्हणजे गल्लीचा माणूस. प्रत्यक्षात सकाळी समन्स बजावा, दुपारी कोर्ट, संध्याकाळी मंत्र्यांचा दौरा, रात्री नाकाबंदी. बीटात नुसतं फिरायला, एखाद्या कट्ट्यावर टेकायला वेळ कुठून आणायचा? आणि जरा ओळखी झाल्या की बदली.

माझ्याकडे एक वही होती, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. कुठल्या बोळाला मागून वाट आहे, कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते, कुठल्या मंडळात दोन गट आहेत आणि त्या दोन्ही गटांत ज्याचा शब्द चालतो असा माणूस कोण, हे सगळं त्यात. बदली झाली तेव्हा ती नवीन अंमलदाराला द्यायला गेलो. त्याची त्याच दिवशी जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या बंदोबस्तात नेमणूक झाली होती, गाडी सुटत होती. वही परत आणली. अजून कपाटात आहे.

पोलीस मित्र ही कल्पना माझ्या मते या वहीसाठी आहे. दोर धरायला होमगार्ड आहेत, राज्य राखीव दल आहे.

आता तरुण मित्रांनी नोटिशीचं लिहिलं त्याबद्दल. त्यांचं म्हणणं खरं आहे. वर्षानुवर्षांची यादी पुढे सरकवली जाते, त्यातली नावं तपासायला कुणी बसत नाही. त्याच तालमीतला एक माणूस ठाण्याच्या नेहमीच्या ओळखीचा असता तर त्या दोन पोरांची नावं चहा पिता पिता कमी झाली असती.

भिवंडीचं उदाहरण खात्यात सगळ्यांना माहीत आहे, इथेही सांगतो. तिथे १९७० ला आणि १९८४ ला भयंकर दंगली झाल्या होत्या. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथे उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना न घेता त्या त्या वस्तीतली दोन्ही समाजांची साधी माणसं घेतली आणि कामाची जबाबदारी थेट खालच्या पोलिसावर टाकली. बैठका नेमाने व्हायच्या, नळाच्या भांडणापासून सगळं तिथे यायचं. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्या शांततेच्या मागे चार वर्षांच्या कंटाळवाण्या बैठका होत्या, हे लोक विसरतात.

शाहूनगरी

मला जरा वेगळं बोलायचंय, कुणी राग मानू नका.

दोन वर्षांपूर्वी रात्री दवाखान्यातनं घरी चाललो होतो. एका चौकात अडवलं. गणवेशातला पोलीस बाजूला गाडीत बसलेला, आणि जाकीट घातलेला एक पोरगा माझ्या गाडीची किल्ली काढून घेतोय. लायसन दाखव म्हणतोय. मागं माझी बायको, तिच्या हाताला सलाईनची पट्टी. मी म्हटलं, तुम्ही कोण? तर गळ्यातलं कार्ड पुढं केलं. पोलीस आला, त्यानं किल्ली परत दिली, पण त्या पोराला एका शब्दानं बोलला नाही.

वर्षभर अशी माणसं गल्लीत फिरणार असतील तर आम्हाला नको. कुणाला निवडता, कुणाची चौकशी करता, कार्ड परत घेता का?

पंचगंगाकाठ

शाहूनगरी, राग कसला मानायचा. तुमच्याबरोबर जे झालं त्याची मला पोलीस मित्र म्हणून लाज वाटते, आणि वैनींची मी मनापासनं माफी मागतो.

आम्हाला पहिल्या बैठकीत सांगितलं जातं की अंगाला हात लावायचा नाही, कागद तपासायचा नाही, किल्ली काढायची नाही, पैशाचा विषयच नाही. पण ते एकदा सांगितलं जातं, दमलेल्या माणसांना, हॉलच्या शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही अशा माईकवरनं. कार्डावर मुदत असते, पण मुदत संपल्यावर ते परत मागायला कोणी येत नाही. माझ्याच ड्रॉवरमध्ये तीन जुनी कार्डं आहेत. उद्या ती ठाण्यात नेऊन देतो.

निवृत्त_खाकी

कायद्याचं स्पष्ट करतो, कारण इथे फार गोंधळ असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम २१. दंगल किंवा मोठी गडबड असेल तेव्हा अधीक्षक लेखी नेमणूक करून एखाद्या नागरिकाला विशेष पोलीस अधिकारी करू शकतात. त्याला तेवढ्या काळापुरते पोलिसासारखे अधिकार मिळतात. पोलीस मित्र म्हणजे तो नव्हे. असा लेखी आदेश हातात नसेल तर जाकीट घाला नाहीतर टोपी, तुम्ही साधे नागरिक आहात. डोळ्यासमोर गंभीर गुन्हा करणाऱ्याला धरून पोलिसांच्या हवाली करायचा हक्क कुठल्याही नागरिकाला आहेच, त्याला कार्ड लागत नाही. किल्ली काढायचा हक्क मात्र कार्डानेही येत नाही.

शाहूनगरी यांच्या प्रसंगात पहिली चूक गाडीत बसून राहिलेल्या पोलिसाची आहे.

मूळ_करवीरकर_आता_पुणे

वाचतोय. तालमीच्या गड्याचं लाठीवालं वाक्य पाठ झालं.

बावड्याची_सून

मी सहा वर्षं महिला दक्षता समितीवर होते. त्याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते म्हणून लिहिते.

ठाण्यात एखादी बाई तक्रार घेऊन येते तेव्हा ती आधी दारातच थांबते. आत सगळे गणवेश, वायरलेसचा आवाज, कुणीतरी बेड्या घातलेला बाकावर बसलेला. तिला वाटतं, आपण चुकीच्या जागी आलोय. त्या वेळी साध्या साडीतली एक बाई उठून पुढं आली आणि "या, बसा, पाणी घ्या" म्हणाली, एवढ्यानं अर्धं काम होतं. आमचा बुधवार ठरलेला असायचा. भिंतीजवळ दोन खुर्च्या, एक तांब्या-भांडं. बस्स.

एक बाई सलग तीन बुधवार आली. पहिल्या बुधवारी म्हणाली, सहज आले. दुसऱ्या बुधवारी भाजीची पिशवी घेऊन आली आणि माझ्याबरोबर शेंगा सोलत बसली. तिसऱ्यांदा पण तेच. मी काही विचारलं नाही, कारण आमच्या समितीतल्या जुन्या काकूंनी मला शिकवलं होतं की विचारलं की माणूस उठून जातं. चौथ्या बुधवारी तिनं पदर बाजूला करून दंड दाखवला. नंतर रीतसर तक्रार झाली, समुपदेशन झालं, पुढं तिनं वेगळं राहायचा निर्णय घेतला. आज शिवणकाम करते, माझे ब्लाउज तीच शिवते. ते तीन बुधवार कुठल्याही अहवालात येत नाहीत. तिथं "प्राप्त तक्रार: एक" एवढंच येतं.

समिती बदलली तेव्हा नवीन यादीत अशा बायका आल्या की ज्या उद्घाटनाला आल्या, हार-तुऱ्याचा फोटो झाला, परत दिसल्या नाहीत. खुर्च्या आता दुसऱ्या खोलीत गेल्यात. मला परत घ्या म्हणून मी लिहीत नाही. पण ज्यांना खरोखर वेळ आहे, म्हणजे पोरं मोठी झालेल्या, बँकेतनं, शाळेतनं निवृत्त झालेल्या बायका, त्यांनी आपण होऊन ठाण्यात जावं. पोलिसांच्या छेडछाडविरोधी निर्भया पथकाच्या मुलींनाही अशा मावश्या हव्या असतात. पथक कॉलेजात जाऊन बोलतं, त्या वेळी मुली माना डोलावतात. खरं बोलणं नंतर, जिन्यात, ओळखीच्या मावशीजवळ होतं.

बंदोबस्त_ड्यूटी

मी होमगार्ड. लोक आम्हाला आणि पोलीस मित्रांना एकच समजतात. होमगार्ड ही संघटना ६ डिसेंबर १९४६ पासूनची, तेव्हाच्या मुंबई प्रांतात मोरारजी देसाईंच्या पुढाकारानं सुरू झालेली. आम्हाला गणवेश आहे, कवायत आहे, ड्यूटीचा भत्ता आहे. तो उशिरा का होईना मिळतो. पोलीस मित्राला यातलं काही नाही, तरी तो उभा असतो. त्याचा मला आदर वाटतो.

मी बाई आहे म्हणून एक गोष्ट सांगते, जी बैठकीत कुणी काढत नाही. विसर्जनाच्या मार्गावर आम्ही चौदा-पंधरा तास उभ्या असतो. लघवीला जायची सोय नाही. मी दुपारपासनं पाणी पीत नाही. गेल्या वर्षी महाद्वार रोडवरच्या एका घरातल्या आजींनी गर्दीतनं हात करून मला वर बोलावलं, आपलं बाथरूम उघडलं, आणि खाली जाताना हातात दहीभाताचा डबा दिला. रात्रभर आमच्यातल्या नऊ जणी आळीपाळीनं त्या घरी जाऊन आल्या. कुणाला काही करायचं असेल तर मार्गावरच्या अशा पाच-सहा घरांची यादी करा. दारावर एक खूण लावा. पोलीस मित्राचं हेही काम आहेच की.

उत्तरेश्वर_कट्टा

+१. आमचं घर घ्या यादीत. तळमजला, रस्त्याला लागून.

चिखलीचा_माणूस

शहरातल्या मंडळींनी गणपतीचं लिहिलं. मी पुराचं लिहितो, कारण पोलीस मित्र, गाव सुरक्षा दल, काय म्हणायचं ते म्हणा, त्याची खरी परीक्षा आमच्याकडं होते.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. हे आकडे आमच्या शाळेतल्या पोराला पाढ्यासारखे पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. कोल्हापूरला कित्येक दिवस पुण्याकडनं येणारी वाटच नव्हती. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी चारी बाजूनं पाण्यात.

आमच्या शेजारच्या आक्का, वय पंच्याहत्तर. बोट दारात आली. जवानांनी हिंदीतनं विचारलं, घरात किती जण? आक्का म्हणाली, चार माणसं आणि दोन म्हशी. म्हशी बोटीत येणार नाहीत म्हटल्यावर तिनं दाराची चौकट धरली. जवानांना मराठी येईना, तिला हिंदी कळंना. वेळ चाललेला, पाणी वाढतंय, पुढची घरं हाका मारायलीत. तेवढ्यात गावातला एक होमगार्ड पोरगा छातीभर पाण्यातनं गोठ्याकडनं आला. म्हणाला, "आक्का, दावी मी सोडतो. तुझ्या डोळ्यांसमोर सोडतो. सुटल्या तर पोहून उंचावर जातील, बांधलेल्या राहिल्या तर काय हुईल तुला म्हाईत हाय. मग चल." त्यानं दावी सोडली. एक म्हैस तिच्याकडं वळून बघत उभी राहिली, मग गेली. आक्का चौकट सोडून बोटीत बसली. तिसऱ्या दिवशी एक म्हैस सोनतळीच्या बाजूला सापडली, दुसरी नाही सापडली.

त्या पोराचं तिनं ऐकलं, कारण तो तिच्या मांडीवर वाढलेला.

२०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी आलं तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. मे महिन्यातच वहीत लिहून काढलेलं: कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला डायलिसिस आहे, कुठली बाई दिवस भरलेली आहे, जनावरं किती आणि ती कुठल्या पाहुण्याकडं हलवायची, कुणाकडं ट्रॅक्टर, कुणाला गुळाच्या काहिलीतनं पाण्यात जायची सवय. पाणी ३९ ला जायच्या आत जनावरं हलली. जनावरं हलली की माणूस हलतो, हे गणित बाहेरनं आलेल्या पथकाला सांगून कळत नाही.

शहरातसुद्धा हेच करा. कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्या, बावड्याचा खालचा भाग, दर पुरात तीच ठिकाणं. तुमच्या अडतीस जणांत प्रत्येकी एक गल्ली आली तर मे महिन्यापर्यंत यादी तयार होते.

एक मात्र सांगतो. आमच्या पै-पाहुण्यांच्या एका गावात तंटामुक्त समिती होती. आर. आर. आबांनी १५ ऑगस्ट २००७ ला मोहीम सुरू केली तेव्हा दर आठवड्याला देवळात बैठक. बांधाची भांडणं मिटली, गावाला बक्षीस मिळालं, कमान झाली. पुढं बैठकच बंद. आता कमान आहे आणि बांधावर परत कोर्टकचेरी आहे. बक्षिसासाठी सुरू करू नका.

नागाळा_पार्क

आमच्या भागात वेगळाच त्रास. पोरं पुण्या-बंगळुरूला, परदेशात, आणि बंगल्यात दोन म्हातारी माणसं. आमच्या वरच्या मजल्यावरचे सर सकाळी दहापासून खोलीचं दार लावून बसलेले. काकू दोनदा जेवायला हाक मारून दमल्या आणि माझ्याकडं आल्या. मी दार ठोठावलं. आतनं सर खुणेनं गप्प राहा म्हणतात. टेबलावर मोबाईल उभा करून ठेवलेला, पडद्यावर खाकी घातलेला एक माणूस, मागं कसलं तरी सरकारी चिन्ह. "डिजिटल अरेस्ट". सरांना सांगितलं होतं की कॅमेऱ्यासमोरनं हललात तर घरी गाडी येईल. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, ओठ कोरडे पडलेले, समोर बँकेचं पासबुक उघडं.

मी फोन उचलून बंद केला. असा अटकेचा प्रकार कायद्यात नाही, हे त्यांना पटायला पाऊण तास लागला. एक रक्कम आधीच गेली होती. सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरला लगेच फोन लावला. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यातनं निघून जायच्या आत गोठवता येतात, म्हणून त्या नंबरला मिनिटामिनिटाची किंमत आहे. थोडे वाचले, सगळे नाही.

नंतर ठाण्यातले एक उपनिरीक्षक आणि दोन पोलीस मित्र आमच्या अपार्टमेंटमध्ये आले. फळा नाही, प्रोजेक्टर नाही, पार्किंगमध्ये वीस खुर्च्या. त्यांनी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये १९३० आणि ११२ स्वतः टाकून दिले आणि शेजारच्या फ्लॅटचा नंबर पण. सरांनी उठून आपली गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. त्याला फार धीर लागतो. मी त्या दिवशी पोलीस मित्राचा अर्ज भरला.

चौकातला_चहावाला

नोकरीला होतो, आता टपरी. मी मुसलमान आहे, हे या धाग्यात सांगणं गरजेचं वाटतं म्हणून सांगतो.

२०२३ च्या जूनमध्ये मोबाईलच्या स्टेटसवरनं शहर तापलं, बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्याच्या आधीची आणि नंतरची शांतता कमिटी मी बघितलीय. सभागृह, दोन्हीकडचे मान्यवर, सगळ्यांची भाषणं एकसारखी. वाईट कुणीच बोलत नाही. पण त्या रात्री माझ्या गल्लीत मान्यवर कुणी नव्हते.

त्या रात्री नऊ वाजता आमच्या बीटचा पोलीस एकटा पायी आला. त्याला ठाऊक होतं की आमच्या गल्लीतली खाला आणि पलीकडच्या गल्लीतल्या मावशी एकाच बचत गटात आहेत. त्यानं दोघींना माझ्या टपरीच्या बाकड्यावर बोलावलं आणि म्हणाला, तुम्ही दोघी इथं बसा, मी पण बसतो. बस्स. दोघी एकाच बाकड्यावर बसलेल्या बघून इकडची पोरं पण घरात गेली, तिकडची पण. बारा वाजेपर्यंत मी चहा देत होतो. पैसे घेतले नाहीत.

आपल्या गावाला हे नवीन नाही. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, तिथल्या मोहरमच्या पंजाला आपल्या पेठांतली हिंदू घरं नैवेद्य आणतात. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. आपल्याला फक्त एवढं पाहिजे की पोलिसाला खाला आणि मावशी दोघींची नावं माहीत असावीत. त्या पोलिसाची पुढच्या वर्षी बदली झाली. नवीन साहेब चांगले आहेत, पण अजून माझ्या टपरीवर आलेले नाहीत. आले तर चहा माझ्याकडनं.

खडू_फळा

शाळेतली बाजू थोडक्यात. २ जानेवारीपासून पोलीस रेझिंग डे, म्हणजे पोलीस स्थापना दिनाचा सप्ताह असतो, आम्ही मुलांना ठाण्यात नेतो. मुलं बंदुका बघून खूश होतात. मी मात्र ठाणे अंमलदारांना विनंती करतो की स्टेशन डायरी कशी लिहितात ते दाखवा. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "माझी सायकल चोरीला गेली तर मी एकटी येऊन सांगितलं तरी लिहाल का?" साहेब म्हणाले, ये, आत्ता लिहून दाखवतो. तिच्या खोट्या सायकलीचा रंग, घंटी, तुटलेलं पायडल, सगळं एका कोऱ्या कागदावर लिहून तिला वाचून दाखवलं. तो कागद तिने वहीत चिकटवून ठेवलाय. यादीच्या कामाला नववीची मुलं घेता येतील, अक्षर चांगलं असतं त्यांचं.

पंचगंगाकाठ

चार दिवस नुसता वाचत होतो. परवा जुनी तीन कार्डं घेऊन ठाण्यात गेलो. ती जमा करून घ्यायचं रजिस्टरच नव्हतं. तिथल्या मॅडमनी एक कोरं रजिस्टर काढलं आणि पहिल्या पानावर माझी तीन कार्डं नोंदवली. ग्रुपवर ते टाकलं, तर आजपर्यंत आणखी अकरा जणांनी आणून दिली. शाहूनगरी, हे तुमच्यामुळं झालं.

त्यांनाच यादीचं विचारलं. त्या म्हणाल्या, बीट अंमलदाराला दर रविवारी तास-दीड तास तुमच्याबरोबर सोडायचा प्रयत्न करते, शब्द देत नाही. लोकांच्या आजारपणाची माहिती आहे, तेव्हा ग्रुपवर टाकायची नाही, फक्त कागदावर, आणि ती ठाण्यात कुलपात राहील, ही त्यांची अट. मला ती पटली.

काल एका गल्लीत फिरलो. मी, तालमीचा गडी आणि बावड्याच्या ताई. एकवीस घरं झाली. दोन घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं, एक मुलगा ऐकू न येणारा, ज्याला भोंगा वाजला तरी कळणार नाही. तीन घरांनी दार उघडलं नाही. एका काकांनी विचारलं, निवडणूक आहे का? एवढं फिरायला अडीच तास लागले, कारण ताई प्रत्येक घरात बसत होत्या. आधी मला घाई झाली होती. नंतर कळलं की माहिती त्या बसण्यातच मिळतेय.

विसर्जन मार्गावरच्या घरांचं काम नागाळा पार्क आणि बंदोबस्त ड्यूटी ताईंनी घेतलंय. उत्तरेश्वर कट्टा, तुमचं घर पहिलं लिहिलंय. चहावाले चाचा, बीट अंमलदारांना घेऊन येत्या रविवारी तुमच्याकडंच जमूया, सकाळी आठला. निवृत्त खाकी, आपण याल का?

तालमीचा_गडी

मी आठ पोरं आणतो. त्यातली दोघं नोटीसवाली. मुद्दाम आणतो, अंमलदार साहेबांना तोंडं दिसू देत.

निवृत्त_खाकी

येतो. वही आणतो. त्यातली निम्मी माणसं आता नसतील, ती नावं खोडून घ्यावी लागतील. मागची साठ-सत्तर पानं कोरी आहेत.